दोर धरणारा

वर जो असतो त्याला लोक बघतात.
मी खाली. माझ्या तळव्यात त्याचं वजन.
दोर बुंध्याला दोन वेढे घेऊन येतो,
तिसरा वेढा माझ्या कमरेला.

माटुंग्याची गल्ली, मार्च संपत आलेला.
गाड्या हटवा म्हणून वॉचमनचा घसा बसलाय,
एक पांढरी गाडी हलत नाही,
मालक पुण्यात, चावी त्याच्या खिशात.

झाडांचं म्हणाल तर
प्रत्येक खोडाला एक खोड असते.
चिंच वाकते, कुरकुरते, पण धरून ठेवते.
जांभूळ गोड बोलून मोडतं.
गुलमोहर आवाजसुद्धा करत नाही,
काल हिरवा, आज हातात.
पर्जन्यवृक्ष आतून पोखरलेला कळत नाही,
कोयत्याच्या मुठीने ठोकायचं,
डॉक्टर पाठ ठोकतो तसं,
आणि कान लावायचा.

हे मला देवू वावरेने शिकवलं.
माडावर जायचा तो पायात गोणपाटाचं वेटोळं घालून,
कानावर बिडी.
म्हणायचा, भीतीला बरोबर ने, तिला भाकर दे,
फक्त तुझ्यापुढे चढू देऊ नको.
साठ फुटांवर त्याचं कधी काही चुकलं नाही.
पडला तो सात फुटांवरून.
काम संपलेलं, पट्टा सोडलेला,
खालून कुणीतरी ओरडलं, चहा आला रे.

ओरडणारा मी होतो.

आता पट्टे नवे आलेत, नारिंगी.
ठेकेदार सकाळी फोटो काढतो:
टोपी घाला, कडी अडकवा, इकडे बघा.
फोटो साहेबांना पोचला की पट्टे परत गोणीत.
पट्टा घातला तर दिवसाकाठी एक झाड कमी होतं,
आणि पैसे झाडामागे आहेत,
पोरामागे नाहीत.

निळू धिंडाचा पट्टा मात्र मी काढू देत नाही.
बावीस वर्षांचा. लग्न ठरलेलं.
फांदीवर उभा राहून फोन घेतो.

आज शेवटची फांदी, गच्चीतल्या टाकीवर कललेली.
दोर दीड हात कमी पडला.
"काका, कडी काढतो, दोन मिनिटं."
मी काही बोललो नाही.
बोलून पोरं ऐकत नाहीत, आम्हीही ऐकलं नव्हतं.
टाचा फुटपाथच्या दगडाला लावल्या
आणि सगळं अंग मागे टाकलं.
दोराला ताण असला की कडी उघडत नाही.

वरून शिव्या आल्या, माझ्या आईपर्यंत.
ठेकेदार ओरडला, म्हातारा येडा झाला.
सेक्रेटरी घड्याळ बघत होते.
बाल्कनीतून दोघांनी मोबाइल धरले,
काहीतरी होईल म्हणून.

काही झालं नाही.
निळू उतरला. शेवटचे सात फूट
मी दोर बोटा-बोटाने सोडला.

फांदी राहिली. बिलातून तिचे पैसे गेले.
चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं,
एवढी एकच का ठेवली?
म्हटलं, कावळ्याचं घरटं आहे.
नव्हतं.

टेम्पोत निळू बोलला नाही,
वडाळा गेलं, शीव गेलं, मुलुंडचा नाका आला,
तो आपला कोयत्याची धार अंगठ्याने तपासत बसलेला.
मी त्याला वाचवलं का? कोण सांगणार.
न पडलेल्या माणसाचा पंचनामा होत नाही.
कदाचित टाकीवर पाय देऊन
तो हसत उतरलाही असता,
दहातून नऊदा असंच होतं.
देवूचं तर हजारदा झालं होतं.

रात्री जेवायला बसलो तर मूठ उघडेना.
बायकोने एकेक बोट सोडवलं,
खोबरेल चोळलं दोराच्या वळांवर,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
आज कोण होतं वर?