दोनची बाटली

माझ्याकडे रजिस्टरं अकरा आहेत :
गरोदर बायांचं, लसींचं, साखर-बीपीचं,
चट्ट्यांचं, एक तर नुसतंच सह्यांचं.
पोरं रात्री किती वाजता झोपतात
याचा रकाना एकातही नाही.

म्हणून इथं लिहिते.

हिंगोण्यात रात्री थ्री-फेज येते तेव्हा
बापे ठिबकचे कॉक फिरवायला केळीत जातात
आणि घरोघरी गोधडीखाली
एकेक निळा चौकोन पेटलेला असतो.
आमचा दुर्वेश त्यातलाच. पंधरा पूर्ण.
झोपेतही त्याचा अंगठा
खालून वर, खालून वर,
जणू गोधडीलाही शेवट नाही.

मी ओरडले. रिचार्ज बंद केला.
त्यानं शेजारच्या झोपेंच्या वायफायचा पासवर्ड काढला
(त्यांच्या कुत्र्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन).
आशाताई म्हणून मी दारोदार सांगत फिरते
डोळ्यांचं, मानेचं, झोपेचं काय होतं ते.
लोक ऐकतात
आणि माझ्या घराकडे बघतात.

मार्गशीर्षात म्हैस व्याली.
तिसऱ्या दिवशी आडवी झाली ती उठलीच नाही.
मागे राहिली
ओली, काळी, चार पायांची एक घाई.
फैजपूरचा डॉक्टर म्हणाला, दर चार तासांनी बाटली,
रात्रीसुद्धा.
दहाची मी देईन. सहाची ह्यांना जमेल.
राहिली दोनची.
घरात दोनला जागं कोण असतं
हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"जागाच हायेस ना," मी म्हटलं, "मंग जाय."

पहिल्या रात्री एका हातात बाटली,
दुसऱ्या हातात तो.
पारडीनं ढुशी मारली, दूध सांडलं,
आणि खरखरीत जीभ काचेवर दोनदा अशी आपटली
की सावद्याच्या कुठल्याशा मुलीच्या फोटोला
थेट लाल बदाम गेला.
दोन दिवस पोरगा शाळेत गेला नाही.
ती मात्र विचारत होती म्हणे,
पारडीचं नाव काय?

नाव नव्हतंच. मग ठेवलं. जांभळी.

एका रात्री मला जाग आली तर गोठ्यात उजेड नाही.
फोन दाव्याच्या खुंटीपाशी, बॅटरी संपून पालथा,
आणि हा कडब्याला पाठ टेकून,
तिची मान मांडीवर,
तिच्या कानामागे त्याचा अंगठा.
तोच अंगठा.
पण आता वर जात नव्हता.
एकाच जागी, गोल, सावकाश.

कोरोनातलं ते बोटाला लावायचं यंत्र
माझ्या पिशवीत होतंच.
कामाची सवय, लावलं.
ठोके अठ्ठ्याहत्तर.
दिवाळीत फोन हिसकावला त्या रात्री
हेच एकशे आठ होते.
एका पोराच्या एका बोटावरून काही सिद्ध होत नाही,
आरोग्य केंद्रातल्या मॅडम असंच म्हणतील
आणि बरोबरच म्हणतील.
तरी मी पुन्हा लावून पाहिलं. चौऱ्याहत्तर.
मग गंमत म्हणून पारडीच्या कानाला लावायला गेले,
तर केवढ्यानं दबक्या आवाजात ओरडला :
"माय, तिले नको ना! आत्ताच डोळा लागला तिचा."

सुधारला वगैरे काही नाही.
फोन आहेच.
जांभळीची जांभई चार हजार लोकांनी पाहिली
हे मला जेवताना दाखवतो,
कळण्याची भाकरी गार होते,
मीही बघते, खोटं कशाला बोलू,
मीही पुन्हा बघते.

पण आता त्याला दोनचा गजर लावावा लागतो.
कारण दोनला तो झोपलेला असतो.

माघात डॉक्टर येऊन गेला.
म्हणाला, कुट्टी खायला लागली, वजन चांगलंय,
रात्रीची बाटली आता बंद केली तरी चालेल.

मी दोघांनाही अजून सांगितलेलं नाही.