बासाराचं माप

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एकशे अठरा.
जमिनीपासून कोपरापर्यंत बेचाळीस,
त्याचं निम्मं एकवीस, ते वरच्यात मिळवायचं.
उभा राहिल्यावर कानांच्या वर चार बोटं हवा.

नियम मी गोदेर्जीकाकांना वाचून दाखवला:
प्राण्याला उभं राहता आलं पाहिजे,
स्वतःभोवती फिरता आलं पाहिजे,
पाय ताणून निजता आलं पाहिजे.
काका म्हणाले, "पुन्हा वाच."
मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले,
"आम्हाला पलटणीत एवढं नव्हतं."

तिबिलिसीच्या दुकानातला सर्वांत मोठा पिंजरा
बासाराला बंडीसारखा तटतटला असता.
मेंढ्यांमागे लांडगे हाकलणारा कुत्रा,
वजन अठ्ठ्याहत्तर. माझं बावन्न.
शिल्दा गावात जो तो विचारायचा,
कोण कुणाला नेतंय, एतेरी?

काकांनी द्राक्षं तुडवायची जुनी डोण फोडली.
चेस्टनटच्या फळ्या, आतून अजून जांभळ्या,
तिच्यात वडिलांच्या पोटऱ्या दर ऑक्टोबरात रंगायच्या.
रंधा मारला तसा आंबूस वास सुटला
आणि बासारा भुशावर येऊन बसला, हलेचना.
आईनं लोकरीची गादी उसवली,
निम्मी पेटीत अंथरली, निम्मी स्वतःला ठेवली.
मला म्हणाली, "तुला काय, तिकडे मिळेल."
दाराची कडी तेवढी करकरत होती.
"हॅलिफॅक्सला तेल मिळत असेल ना?" काका म्हणाले.

विमानतळावर पेटी उचलायला पाच जण लागले.
कुणीतरी बाण चिकटवला, ही बाजू वर.
काका म्हणाले, "त्याला ठाऊक आहे."
आणि निरोप न घेताच गाडी काढायला गेले.

फ्रँकफर्टनंतर नऊ तास चौतीस-ई.
पुढच्याची पाठ माझ्या गुडघ्यांवर,
उजवीकडे झोपलेला माणूस, डावीकडे झोपलेला माणूस.
उभं राहता येईना, फिरता येईना,
पाय ताणणं तर दूरच.
पायांखाली कुठेतरी, अंधारात,
तो माझ्याहून ऐसपैस होता.
हे आठवून एकदा हसू आलं.
मग पाण्याचं भांडं सांडलं असेल का,
हा विचार ग्रीनलंड सरेपर्यंत पुरला.

हॅलिफॅक्सला मॅकआयझॅकबाईंनी
बासाराच्या मानेवरून यंत्र फिरवलं. बीप.
रेबीजचा दाखला बरोबर, तारखा बरोबर.
मग त्या पेटीभोवती फिरू लागल्या,
वाकून, एकेक कोपरा बघत.
"शिक्का कुठे आहे?"
कसला शिक्का?
लाकूड भट्टीत तापवलेलं असावं लागतं म्हणे,
आतली कीड इकडे उतरू नये म्हणून.
मी म्हटलं, साठ वर्षं वाइन प्यालेलं लाकूड आहे,
त्यात कीड जगेल कशी?
त्या दोनदा सॉरी म्हणाल्या. खरंच म्हणाल्या.
मी एक फळी मागितली.
एवढीशी?
नाही.

कुत्रा देशात आला. पेटी आली नाही.
कागदावर लिहिलं होतं: मालकानं सोडून दिलेला माल.
खाली सही केली.
गादीचंही तेच झालं, लोकर म्हणून.

आता लाँड्रीच्या वर एक खोली आहे,
अजून पलंग नाही, टेबल नाही,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळी फरशी.
बासारा रात्री उभा राहतो, स्वतःभोवती फिरतो,
कुठेच न टेकता, कशाला तरी अंग चोरत,
मग पाय ताणून निजतो.
एका रात्री मी टेप धरून बघितलं.
एकशे एकोणचाळीस.
सेंटिमीटर इकडे नाही, तिकडे नाही.

रविवारी काकांचा फोन येतो.
आईची तब्येत, दोडक्या शेजाऱ्याची नवी गाय,
यंदा द्राक्षं लवकर पिकली, तुडवणार कशात देव जाणे.
मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो.
"कडीला तेल लावलंस का?"
मी फरशीकडे बघते.
"लावलं, काका."
"अजून करकरते?"
"थोडी."
"करकरणारच," ते समाधानानं म्हणतात,
"नवीन आहे ती."