एक गाठ

कांदा चिरून झाला की आई सालं टाकायची नाही.
चुलीमागे गोणी होती, तिच्यात कोंबायची,
वरून पायानं दाबायची.
शेजारची फेक्ला विचारायची,
"येवलाम्पिया, लोणचं घालतेस का गं ह्याचं?"
"रंग," आई म्हणायची. एवढंच.
जणू रंग म्हटलं की पुढचं कळायलाच हवं.

आमचं गाव म्हणजे एक रस्ता.
एका अंगाला पेइप्सी तळं, दुसऱ्या अंगाला कांद्याचे उंच वाफे,
मध्ये घरं, कुंपणाला कुंपण टेकून.
इथं रडायची चोरी नाही,
कांदे आहेतच.
तळं गोठलं की पलीकडचा किनारा, रशियाचा,
नुसती पेन्सिलची रेघ.
कुणीतरी चुकून ओढली, आई म्हणायची,
आणि खोडायची राहिली.

सालांच्या पाण्यात लोकर बुडायची
आणि वर यायची कधी मधासारखी,
कधी धुरी दिलेल्या माशाच्या पाठीसारखी.
एकदा तुरटी जास्त पडली
आणि निघाला एक रंग, ज्याला कुणाकडेच नाव नव्हतं.
तिनं दिलं: सावेलीचा राग.
सावेली म्हणजे माझे वडील.
त्या रागाचे मोजे त्यांनी आठ हिवाळे वापरले.

दर वसंतात ती त्यांची होडी रंगवायची.
गावातल्या साऱ्या होड्या काळ्या, डांबराच्या.
आमची एका वर्षी निळी,
एका वर्षी दाराच्या उरल्यासुरल्या रंगानं हिरवी,
आणि एकदा तर पोटावर पिवळे ठिपके.
प्रार्थनाघरातले म्हातारे दाढीतल्या दाढीत पुटपुटायचे.
वडील मान खाली घालून वल्ही उचलायचे.
"माशांना काय कळतंय," म्हणायचे.
ते गेल्यावर पडवीत डांबराचा डबा सापडला,
माझ्या वयाचा,
झाकण न उघडलेला.

ती गोड नव्हती.
पहिला टाका चुकला तर शेवटपर्यंतचं उसवायला लावायची,
मला, आणि वीस वर्षांनी माझ्या उस्तिन्याला.
मी तार्तूला गेले ते
लोकरीला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवून.
सुट्टीत यायचे दुकानातला स्वेटर घालून.
ती बाही उलटी करून आतली शिवण बघायची,
बाही पुन्हा सरळ करायची,
आणि चहा ओतायची.
त्यापेक्षा दोन शब्द बोलली असती तर बरं.

उस्तिन्या मात्र तिथंच बसायची, मागाखाली,
चिंध्यांच्या ढिगात.
ही कुणाची? – कोंद्रातीमामाची, शाळेतली चड्डी.
ही? – तुझ्या पणजीचा परकर.
आणि ही?
ही कुणाची ते मला आठवत नाही, आई म्हणायची,
म्हणून मध्यभागी घालू.

आमच्यात शेवटचे कपडे ज्याचे त्यानं शिवून ठेवायचे.
पांढरे. टाका पुढे पुढेच घालायचा,
दोऱ्याला गाठ मारायची नाही,
निघालेला जीव अडकू नये.
आई मार्चमध्ये गेली, बर्फ तडकायच्या दिवसांत.
रात्रभर तळ्यावर बंदुकीसारखे आवाज.
पेटीत, कडू वासाच्या पाल्यात, तिचे कपडे होते,
मी आणि फेक्लानं उलगडले.
गळ्याच्या आतल्या बाजूला,
कुणाला दिसणार नाही अशा जागी,
नखाएवढा एक मासा.
कांद्याच्या सालीचा पिवळा.
आणि शेपटीशी गाठ.

फेक्ला बघत राहिली.
कात्री तिच्या हातातच होती.
सत्तर वर्षं तिनं एक उपास मोडलेला नाही.
मग तिनं गळपट्टी दुमडली,
अंगठ्यानं दाबली,
आणि म्हणाली, "दुसरी बाही दे."

मागावर सतरंजी अर्धी आहे.
उस्तिन्या विचारते, पुढचा पट्टा कुठला?
मला माहीत नाही गं.
मी विणत नाही, तुला ठाऊक आहे.
ती ऐकत नाही. गोणी ओढत आणते,
तळाशी मूठभर सालं, बाकी धूळ.
"पुरणार नाहीत," म्हणते,
अगदी तिच्या आवाजात.

मी पाट घेते, सुरी घेते.
टोपलीत कांदे आहेत.