समास

रुमाल सोडला की आधी वास येतो,
वाळवीचा, हिंगाचा,
आणि दोनशे वर्षांत न वाळलेल्या कुणाच्या तरी घामाचा.
नागझरीच्या कडेला, देवस्थानच्या कचेरीत
मी अकरा ते पाच मोडी वाचते.
पानाला चाळीस रुपये, फाटक्याला साठ.

मोडीत आधी रेघ ओढतात,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिला अक्षरं लटकवतात.
शब्दाशब्दांत जागा नसते.
ढमढेरे सर फळ्यावर लिहायचे:
सोडूनकामारू.
कुठे तोडाल? विचारायचे.
सोडू, नका मारू.
सोडू नका, मारू.
वर्ग हसायचा. मीही.
मला तेव्हा वाटायचं, धर्म म्हणजे एवढंच,
नीट तोडता आलं पाहिजे.

तसं निघालं नाही.
मंगळवारी सापडलेल्या पानावर
कुठेही तोडा, अर्थ एकच.
वर श्री. गावाचं नाव वाळवीनं खाल्लेलं.
असामी सतरा, पैकी बायका पाच.
धर्मास्तव.
अक्षर वळणदार,
लिहिणाऱ्याचा हात एकदाही अडखळलेला नाही.

त्याच रुमालात एक फारसी कागद होता.
तो वाचायला मोमीनपुऱ्यातून इद्रीसभाई आले,
चष्म्यावर दुसरा चष्मा लावून.
बोट फिरत गेलं, थांबलं.
"हे आमच्याकडचं," म्हणाले,
"तीस वर्षं आधीचं. आकडा मोठा आहे."
मग बराच वेळ फक्त पंखा बोलत होता.
एक आकडा दुसऱ्यातून वजा करायचं गणित
आम्ही दोघांनीही केलं नाही.
बाहेर चौकात कुणीतरी करतच असतं ते,
कर्णा लावून.

जाताना त्यांनीच पान खिडकीशी धरलं.
"बाई, कडेला काहीतरी आहे."
डाव्या समासात,
वेगळी शाई, वेगळा हात, गचाळ, मुंगीएवढं:
हे बरे जाहले नाही.

नाव नाही. कुणी कारकून असेल
नक्कल करायला बसवलेला.
त्यानं एकालाही वाचवलं नाही.
नोकरीही सोडली नसेल,
दिवेलागणीला याच देवाला हात जोडून
घरी जाऊन जेवला असेल.
तरी लिहिलं.
आणि इतक्या वर्षांत
इतके धर्मरक्षक या दप्तरावरून हात फिरवून गेले,
कुणी ती कड फाडली नाही.
दिसली नसेल. किंवा दिसली असेल.

विश्वस्त गद्रे म्हणतात, तेवढं पान वगळा,
लोक आधीच तापलेत.
माणूस वाईट नाही.
परवा आरतीनंतर शिरा
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, बोटं टेकवून.
माझ्या पणजोबाला पायरीखाली उभं करून
वरून टाकत असत.
वीतभर अंतर.
ते मिटवायला किती डोकी फुटली,
किती पोथ्या कुणी पुन्हा पहिल्या पानापासून वाचल्या,
गद्रेंना ठाऊक नसावं,
ते बोटं पुसून फोन बघायला लागले.
शिरा गोड होता. केळं जरा जास्त पडलेलं.

शाळेत समास शिकवताना सांगत:
दोन शब्द जवळ येतात, मधलं काही गळून जातं.
काय गळतं ते मात्र
विग्रह करतानाच कळायचं.

पान मी वगळलेलं नाही.
बाळबोधीत उतरवलं,
सतरा असामी, बायका पाच,
शेजारी इद्रीसभाईंचा कागद, त्यांच्या आकड्यासह,
आणि समासातली ओळ समासातच.
बिलात तिचे पैसे लावले नाहीत.
मूळ कागद रुमालात बांधण्याआधी
त्या ओळीखाली
पेन्सिलनं, पुसता येईल इतकं फिकं,
मीही एक शब्द लिहिला:
वाचले.