पाटी क्रमांक एक्केचाळीस

मी इथे पाट्या लिहितो.
सास्काचेवानच्या सपाट माळावर, जुन्या धान्यकोठारात,
मे ते सप्टेंबर, सोमवारी बंद.
नाव, साल, किती घोड्यांची ताकद, कुणी दिलं.
मळणीयंत्राची पाटी सर्वांत मोठी:
बावीस माणसं लागत, पट्टा सत्तर फुटी,
शिट्टी तीन मैलांवर ऐकू जाई.
पोरं तिथेच घोटाळतात.
बापे नांगराच्या लोखंडी बैठकीवर बसून बघतात,
भोकाभोकांची ती बैठक,
कुणाच्या तरी बुडाने गुळगुळीत झालेली.
बसू नये, असं मीच लिहिलंय.

काल वासिलिना प्रिस्तुपा आली. वय अठ्ठ्याऐंशी,
काठी, नातसून,
नातसुनेच्या हातात वितळतं आइस्क्रीम.
वाफेच्या इंजिनाला तिने मान डोलावली,
लांबच्या श्रीमंत पाहुण्याला डोलवावी तशी.
कापणीयंत्रापाशी थांबलीही नाही.
थेट मागच्या भिंतीशी गेली.
दोन ओंडके, वर फळ्या, एक साखळी.
चाकं नाहीत, साल नाही.
माझी पाटी: घसरगाडी. देणगीदार अज्ञात.

'ताकद लिहायची राहिली,' ती म्हणाली.
मी म्हटलं, याला इंजिन कुठे होतं?
'होतं की. आम्ही सहा बहिणी.
थोरलीला डोक्याएवढे दगड, मला मुठीएवढे.
हिवाळाभर जमीन गोठते, फुगते,
एप्रिलात दगड वर ढकलते.
गहू गारांनी झोपला, टोळांनी खाल्ला,
दगडांचं पीक एकदाही बुडालं नाही.
वडील म्हणायचे, या तुकड्यातले संपले बरं का.
पुढच्या वर्षी तोच तुकडा, नवे दगड.
जसं खाली कुणी बसलंय
आणि आमचं आम्हालाच परत करतंय.'

नातसून म्हणाली, हे कधी बोलला नाहीत.
'बोलायचं काय त्यात?
वाकायचं, उचलायचं.'

मी पेन काढलं. नावं सांगा.
'येवदोखा, पारास्का, तेक्ल्या, मी.
मग नास्त्या.
आणि धाकटी... तिला आम्ही नुसतं छोटी म्हणायचो.
खरं नाव काय होतं गं तिचं?'
हे तिने नातसुनेला विचारलं,
जी त्यानंतर साठ वर्षांनी जन्मली.

पाटी तळहाताएवढी.
पाच नावं मावली, सहाव्याची जागा तशीच ठेवली.

जाताना गाड्या लावतात तिथे
ती थांबली, हात सोडवून घेतला, वाकली.
एक खडा उचलून कुंपणापलीकडे टाकला.
मग आणखी एक.

ती खडी आम्हीच आणून पसरलीय, जूनमध्ये,
दोन ट्रक.
मी दारातून बघत राहिलो.
तिने पाचवा उचलला.