सोले

शनिवारी रात्री गारा पडल्या,
आधी लिंबाएवढ्या, मग बारीक, मग नुसतं पाणी,
आणि पहाटे गिट्टीखदानवर असं धुकं उतरलं
की समोरच्या ठवकरांचं फाटक
फाटक असल्याचा फक्त संशय राहिला.

काटोल रोडवर कडुनिंब आडवा. तारा तुटलेल्या.
सात वाजता पाळकसाहेबांचा फोन:
"शांतवनराव, आज उपासना नाही.
म्हातारी माणसं आहेत, घरीच प्रार्थना करू द्या."
म्हातारी माणसं म्हणताना ते जरा थबकले.
मीही.

एकेचाळीस वर्षं मी घंटेची दोरी ओढतो आहे.
तापात ओढली. अजनीच्या शेडमधली रात्रपाळी संपवून,
हाताला ग्रीसचा वास तसाच, ओढली.
धाकट्याला मातीआड केलं त्या आठवड्यातही.
तळहातावर तिचा घट्टा आहे,
आणि खरं सांगतो, मला वाटत आलं होतं
की मी ओढल्याशिवाय
वर कुणाला जागच येत नाही.

साडेआठ. स्वेटरवर कोट, कोटावर मफलर,
तयार होऊन मी खोलीतच फेऱ्या मारतोय.
लाइट नाही. फ्रिज मुका, बोअरची मोटर मुकी,
दूधवाला नाही, गल्लीतलं कुत्रंसुद्धा नाही.
एवढी शांतता मला सोसत नाही.
स्तोत्र म्हणायला घेतलं,
दुसऱ्याच ओळीला खोकला आला.

सालोमी दाराच्या उजेडात बसलेली,
मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा.
सोले काढत होती. मान वर करून म्हणाली,
"काहून फिरून राहिले जी? बसा ना."

तीन वर्षं झाली तिचे कान गेले त्याला.
यंत्र आणलं, ते डबीत आहे.
म्हणते, त्यात जगाची भांडी पडतात.
तरी एक रविवार चुकवला नाही तिनं.
तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे,
सगळे उठले की उठते, बसले की बसते,
उपदेशभर खिडकीकडे बघते.
आणि परतताना स्कूटरवर मी ओरडून सांगायचो
आज पाळक काय बोलले.
ती माझ्या पाठीला हुं म्हणायची.

तुला तिथं काय मिळतं,
कधी विचारलं नाही.
वाटायचं, बिचारी. सवय.

मी बसलो. मफलर सोडला. शेंगा ओढल्या पुढ्यात.
गार, अजून ओल्या,
एकीत चार दाणे, एकीत पाच, एकीत अळी.
मनात आपलं सगळं चालूच होतं:
दोरी भिजली असेल, कौलं फुटली असतील,
मागच्या खिडकीचा अडसर कुणी लावला की नाही.
मग एकेक करून ते निघून गेलं,
उपासना सुटल्यावर मंडळी जाते तसं,
दाराशी रेंगाळत, चपला शोधत.

मग कुणीच उरलं नाही.

सूप. हिरवे दाणे. तिचा श्वास.
बाहेर पत्र्याच्या कडेला अडकलेली गार
वितळून एक थेंब,
आणि दुसरा पडेपर्यंत
केवढी जागा.

त्या जागेत कुणीतरी होतं.
मी बोलावलेलं नव्हतं.
माझ्या कितीतरी आधी येऊन बसलेलं,
कदाचित एकेचाळीस वर्षं,
माझी घंटा थांबायची वाट पाहत.

मान वर करायचा धीर झाला नाही.
शेंग हातात तशीच राहिली, अर्धी उघडी.

दहाला, आशीर्वादाच्या वेळी,
माझा हात आपोआप दोरीच्या उंचीवर गेला
आणि हवेत राहिला.
सालोमीनं पाहिलं. हसली नाही.
तो खाली घेऊन त्यात
मूठभर शेंगा ठेवल्या.

मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं,
"तिथंही असंच असतं का तुला?"
ती माझ्या ओठांकडे बघत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली,
"भाजीत लसणाची पात घालू का?"
घाल म्हटलं.

साडेदहाला लाइट आली.
फ्रिज घरघरू लागला.
आमच्यापैकी एकालाच तो ऐकू आला.
मी उठलो
आणि बटण बंद केलं.