सरावाचे प्रश्न

सकाळी साडेसहाला कुमुदचा फोन येतो ओहायोहून.
तिथे अजून कालची रात्र आहे, नऊ वाजलेत,
तिची भांडी घासून झालीत.
इथे दांडिया बाजारात दूधवाला जिना चढतोय
आणि मी चष्मा शोधतेय.

वय झालेल्यांना वीसच प्रश्न पाठ करावे लागतात.
पण ती म्हणाली, ताई, शंभरच्या शंभर घे.
एकतीस वर्षं मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं मी,
आठवड्याला दोन तास,
तेही पी.टी.च्या मास्तरांनी मागितले की सोडून द्यायचे.
असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

सत्तेच्या शाखा किती?
तीन. कायदा करणारी, राबवणारी, तपासणारी.
आणि एकीने जास्त पाय पसरले तर?
ती अडखळते.
मांडवीखाली उभी राहा मनाने, मी म्हणते.
मधून चारी दरवाजे दिसायचे ना,
म्हणजे दरवाजांनाही आपण दिसत असणार.
ती हसते.
दरवाजे चार होते, ताई. शाखा तीन.
चौथ्यातून आपण शाळेत जायचो.

सिनेटर प्रत्येक राज्याचे दोन,
वायोमिंगचे दोन, कॅलिफोर्नियाचेही दोन.
हे तिला लगेच कळतं.
आई भाकरवडी अशीच वाटायची,
ताप आलेल्यालाही दोन, पोरगं कितीही मोठं झालं तरी दोन.
दुसऱ्या सभागृहात मात्र
तोंडं मोजून वाढतात.

अध्यक्षाने विधेयक परत पाठवलं तर?
दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करता येतं.
नवरात्रात अकरानंतर गरबा नाही, हा आईचा व्हेटो.
आपण तीन भावंडं. अनंताची गरजच नव्हती,
आपण दोघी म्हणजे दोन-तृतीयांशच की.
पण तू ऐन वेळी हात खाली घ्यायचीस.
मी? ती म्हणते. मी कुठे?
तू.

जास्त मतं मिळूनही उमेदवार हरू शकतो का?
शकतो. मधे निवडकांचं एक मंडळ असतं,
शेवटची मोजणी त्यांची.

आपल्याकडे ते मंडळ जेवणाच्या खोलीत बसलं होतं,
एकोणऐंशीच्या जूनमध्ये,
बाबा, थोरले काका
आणि बँकेतले कोणी खानवेलकर, ज्यांनी आंबेही खाल्ले.
पैसे एकाच तिकिटाचे.
माझे अठ्ठ्याहत्तर टक्के होते,
तुझे एकाहत्तर.
हे मी फोनवर म्हणत नाही.
फोनवर म्हणते, पाचशे अडतीसपैकी दोनशे सत्तर लागतात,
लिहून घे.

शपथ तिने काल वाचून दाखवली.
परक्या राजाची, राज्याची निष्ठा सोडायची असते त्यात.
कुठल्या राजाची गं, मी विचारलं,
आपण जन्मलो तेव्हा बडोद्यालाही तो उरला नव्हता.
तिला हसू आलं नाही.
पासपोर्ट परत द्यावा लागेल, म्हणाली,
त्यावरचा फोटो तूच काढून आणवला होतास,
रावपुऱ्यात, तुझी साडी नेसवून.

आज एकोणसाठावा प्रश्न मी माझ्याच मनाने घातला,
यादीत तो वेगळा आहे.
पाचवी दुरुस्ती काय सांगते?
स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही.
बरोबर.
मग तिने विचारलं,
ताई, तुला तेव्हा राग आला होता का?

खाली सेव-उसळवाल्याने शटर वर केलं.
दूध उतू जायच्या बेतात होतं, मी गॅस बारीक केला.
तिकडे कुणाची तरी गाडी गेली, तिचा आवाज आला,
मग तोही गेला.

बराच वेळाने ती म्हणाली,
पुढचा घे.

झेंड्यावर पट्टे तेरा का?
पहिल्या वसाहती तेरा होत्या म्हणून.
बरोबर.